खाखा सुटते तेव्हा: सुरुवात कुठून करायची

“उद्यापासून सगळं बंद.” रात्री साडेअकराला, फरसाणाचा रिकामा डबा पुढ्यात असताना हे वाक्य अगदी मनापासून म्हटलं जातं. दुसऱ्या दिवशी न्याहारी टळते, दुपारी अर्ध्या भाकरीवर उठणं होतं, चारला नुसत्या चहावर भागतं आणि रात्री पुन्हा तोच डबा. मग माणूस स्वतःला शिव्या घालतो, माझ्यात इच्छाशक्तीच नाही म्हणून. अहो, दिवसभर उपाशी राहायला काय थोडी इच्छाशक्ती लागते? ती भरपूर आहे. पण ती सगळी उपाशी राहण्यातच संपते, आणि रात्रीच्या खाण्याला जोर येतो तो त्या उपाशीपणामुळेच.

म्हणून ‘मन तयार झालं की सुरू करतो’ म्हणणाऱ्यांना आमचं सांगणं उलटं आहे. आधी वेळेवर खायला लागा, मन मागून येतं.

हा नेमका आजारच आहे का?

लग्नाच्या पंगतीत चार जिलब्या जास्त झाल्या, येळवसेला शेतात भज्जी-आंबील हाणून झाडाखाली आडवं झालं, हुरडा तडस लागेपर्यंत खाल्ला, याला कुणी आजार म्हणत नाही. तिथं चारचौघांत, मजेत खाल्लेलं असतं. ज्याला डॉक्टर बिंज ईटिंग म्हणतात त्यात दोन गोष्टी एकत्र लागतात. थोड्या वेळात, साधारण दोन तासांच्या आत, इतर माणसं खातील त्यापेक्षा उघडच जास्त खाल्लं जातं, आणि खाताना थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही. त्याच्या जोडीला नेहमीपेक्षा भराभर खाणं, पोट नकोसं गच्च होईपर्यंत खाणं, भूक नसताना खाणं, लाजेपोटी एकट्यानं खाणं आणि नंतर स्वतःची किळस येणं, या पाचांतली निदान तीन लक्षणं असतात. हे आठवड्यातून किमान एकदा, सलग तीन महिने होत असेल तर तो आजार धरतात.

डॉक्टर अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ मध्येच अशा खाण्याचं वर्णन करून ठेवलं होतं. अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र आजार म्हणून आपल्या निदानसूचीत घेतलं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीतही तो आहे. आपल्याकडे मात्र ‘भस्म्या झालाय’ म्हणून हसतात, नाहीतर ‘हावरट’ म्हणून मोकळे होतात. त्यानं एवढंच होतं की माणूस लपून खायला लागतो. आणखी एक, हा त्रास असलेला माणूस जाडच असतो असं नाही. सडपातळ पोरालाही तो असू शकतो, आणि जाड माणसाला अजिबात नसू शकतो.

तुमचं पंधरा दिवसांतून एकदाच होत असेल तरी पुढच्या पायऱ्या कामाच्याच आहेत. पण खाल्ल्यावर घशात बोटं घालून उलटी काढत असाल किंवा जुलाबाच्या गोळ्या घेत असाल तर तो वेगळा आजार आहे. त्यात रक्तातलं पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. त्यांनी लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात.

पहिली पायरी: एक कागद, वीस मिनिटं

हा कागद रात्रीच्या खाण्यानंतर लिहायचा नाही. त्या वेळी फक्त शरम लिहिली जाते. सकाळी किंवा दुपारी, पोट भरलेलं असताना बसा. मधोमध रेघ मारा.

डावीकडे लिहा, या खाण्यातून मला काय मिळतं. खरं लिहा, कुणाला दाखवायचं नाही. ‘दिवसभरात माझ्या एकटीचा असा हाच अर्धा तास असतो.’ ‘टेस्टमध्ये मार्क पडले नाहीत की डोकं भणभणतं, ते शांत होतं.’ ‘घरात बोलणी बसली की तेवढ्यापुरता विसर पडतो.’ हे खाणं तुमचं काहीतरी काम करत असतं. ते काम पुढं कशानं भागवायचं हे ठरलं नाही, तर खाणं सुटत नाही.

उजवीकडे लिहा, यात माझं काय जातं. इथं ‘तब्येत बिघडते’ असलं गुळमुळीत चालत नाही. ‘रात्री दोनला जळजळीनं उठतो आणि सकाळचा फिजिक्सचा तास झोपेत जातो’, ‘पोरीच्या खाऊच्या डब्यातलं खाऊन तिच्याशी खोटं बोलले’, ‘भाचीच्या लग्नाला कपडे बसेनात म्हणून गेले नाही’ असं लिहा. सहा-सात ओळी पुरे. या बाजूचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. डावी बाजू मात्र एकदाच लिहायची आणि चौथ्या पायरीत लागेल तेवढं सोडून परत वाचत बसायची नाही, कारण ती वाचत गेलं की मन तिकडंच कलतं.

आता स्वतःला एक प्रश्न विचारा. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या रुग्णांसोबतच्या कामातून समुपदेशनाची एक पद्धत मांडली आणि पुढं स्टीफन रोलनिक यांच्यासोबत ती वाढवली. हा प्रश्न त्या पद्धतीतला आहे. ० ते १० मध्ये, हे बदलणं मला किती महत्त्वाचं वाटतं? समजा उत्तर ४ आलं. लगेच ‘१० का नाही?’ असं विचारू नका, त्यानं न बदलण्याची कारणं बाहेर येतात. विचारायचं ते असं: ‘४ का? १ का नाही?’ याचं जे उत्तर तोंडून निघेल ते लिहून घ्या. ते तुमचं स्वतःचं कारण असतं, आईचं किंवा डॉक्टरांचं नसतं, म्हणून टिकतं.

दुसरा आकडा भरवशाचा. जे करायचं ठरवताय ते जमेल याचा भरवसा १० पैकी किती? ७ च्या खाली आला तर काम लहान करा. ‘दिवसातून पाच वेळा ठरल्या वेळी खाईन’ याला ३ येत असतील आणि ‘रोज साडेआठला न्याहारी करीन’ याला ८, तर पहिला आठवडा फक्त न्याहारी.

‘लग्नाआधी दहा किलो’ हे कारण आम्ही कागदावर ठेवू देत नाही. पहिल्या महिन्यात काटा हलेलच असं नाही. तो हलला नाही की सगळं सोडून दिलं जातं, आणि हलवायच्या नादात उपास सुरू होतो. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या सरकारी संस्थेची २०१७ ची उपचार-मार्गदर्शिकाही सांगते, की या आजाराचे उपचार चालू असताना वजन उतरवायच्या मागं लागू नये, त्यानं असं न आवरणाऱ्या खाण्याचे झटके वाढतात. वजन करायचंच तर आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी. रोज केलं तर शरीरातल्या पाण्यामुळं काटा किलो-दीड किलोनं खालीवर होतो आणि तेवढ्यावरून दिवस वाया जातो.

दुसरी पायरी: खिशातली वही

वहीत वेळ, काय आणि साधारण किती, कुठं, कुणासोबत, आणि शेवटी त्याआधी काय घडलं, एवढं लिहायचं. कॅलरी लिहायच्या नाहीत. ‘दीड भाकर, वाटीभर वरण’ पुरे. आवरलं नाही त्या खाण्यापुढं फुली मारा.

खाल्ल्यावर दहा मिनिटांच्या आत लिहा. रात्री आठवून लिहिली की वही खोटी होते, कारण पाचच्या चार बिस्किटांचा तोवर विसर पडलेला असतो. सगळ्यांची होणारी दुसरी चूक म्हणजे चांगल्या दिवसांचीच वही. ज्या दिवशी लिहूच वाटत नाही त्या दिवसाचं पान सगळ्यात जास्त सांगतं. घरात वही सापडायची भीती असेल तर मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा आणि कुलूप लावा.

सात दिवसांनी लाल पेन घेऊन बसा. दोन खाण्यांमध्ये चार तासांपेक्षा जास्त अंतर पडलंय तिथं उभी रेघ ओढा. बहुतेकांना फुलीच्या आधी ही रेघ दिसते. रेघ नसलेल्या फुल्यांपाशी भांडण, एकटेपण, जागरण किंवा निकालाचा दिवस सापडतो. पहिल्या प्रकारच्या फुल्यांवर तिसरी पायरी आणि दुसऱ्या प्रकारावर चौथी.

तिसरी पायरी: घड्याळ लावून खाणं

सगळ्यात जास्त गुण हिचाच येतो, आणि लोक सगळ्यात जास्त टाळतात तीही हीच. आवरत नाही म्हणून डॉक्टरकडं यावं आणि त्यानं ‘जास्त वेळा खा’ म्हणावं, हे पटत नाही.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. महायुद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं जेवू घालायचं, हे शिकण्यासाठी. या तरुणांना आधी खाण्याचा काही त्रास नव्हता. अर्धपोटी असताना ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करायला लागले, आणि पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावर त्यांच्यातले काहीजण प्रचंड जेवूनही ‘अजून भूक आहे’ म्हणत राहिले. धडधाकट माणसाला उपाशी ठेवलं तर त्याला खाखा सुटते. तुमचा स्वभाव त्यात कुठंच येत नाही.

तर दिवसात तीन जेवणं आणि दोन किंवा तीन मधली खाणी. दोहोंत तीन ते चार तासांपेक्षा जास्त अंतर नको. वेळ झाली की भूक नसली तरी खायचं, आणि मधल्या वेळात नाही. उदाहरणादाखल: साडेआठला मुरमुऱ्यांचा सुशीला नाहीतर दोन धपाटे आणि दही. साडेअकराला मूठभर फुटाणे-शेंगदाणे. दीडला दोन भाकरी, दाळ, एक भाजी, कांदा. पाचला चहा आणि त्यासोबत केळं किंवा उकडलेलं अंडं. साडेआठला जेवण. रात्री जागणार असाल तर साडेअकराला कपभर दूध. भाकर किती, हे तुमच्या कामावर आहे. ऊस तोडणाऱ्याला आणि दुकानात बसणाऱ्याला एकच माप लावता येत नाही. उद्याच्या वेळा आज रात्रीच लिहून ठेवा.

कुठं फसतं ते पाहा.

लातूरला नीटच्या तयारीला राहिलेली पोरं सकाळची मेस झोपेपायी चुकवतात, दोन चहांवर दुपार काढतात, आणि अनेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात तेव्हा पाकिटांवर पाकिटं फोडतात. उपाय साधा आहे. खोलीत फुटाणे, शेंगदाण्याचा लाडू आणि केळी ठेवा, आणि रविवारच्या रात्रीचं जेवण शनिवारीच ठरवा. खोलीत काही ठेवलं तर संपवून टाकीन अशी भीती असेल तर दोन दिवसांपुरतंच आणा, किलोनं नको.

घरातल्या बाईचं निराळं. सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं, म्हणजे तीन वाजतात. मग कढईतलं, पोरांच्या ताटातलं, ‘टाकायचं कशाला’ म्हणून उभ्याउभ्या खाल्लेलं मोजलंच जात नाही. ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी तर न्याहारी हमखास बुडते. तिनं एवढंच करावं: सकाळचं खाणं पहिली भाकर तव्यावरून उतरली की, बसून, स्वतःच्या ताटलीत. उरलेलं अन्न झाकून ठेवा किंवा जनावराला घाला. पोट ही उकिरड्याची जागा नव्हे.

वाळूजला रात्रपाळी करणाऱ्यानं घड्याळातले आकडे न बघता उठल्यापासून तास मोजावेत. उठल्यावर एका तासात पहिलं खाणं, मग दर तीन-चार तासांनी.

आणि चहा. चहानं भूक मारली जाते, भागत नाही. जेवणाच्या जागी आलेला चहा वहीत रेघेसारखाच धरा.

उपासाचं काय?

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण कुणीतरी नीट बघून केलेली आहे. चतुर्थी, श्रावणी सोमवार, तुळजाभवानीचे नवरात्रातले नऊ दिवस, यांच्या दुसऱ्या दिवशीची पानं वहीत उघडून बघा. पहिले तीन महिने निर्जळी आणि एकभुक्त उपास करू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे. आजारी माणसाला व्रतातून सूट देण्याची आपल्याकडं जुनी रीत आहे, घरातल्या थोरल्या बाईला विचारलं तर तीच सांगेल. ज्यांना राहवत नाही त्यांनी उपास धरावा, पण वेळा मोडू नयेत. भगर आणि शेंगदाण्याची आमटी, ताक, दही, केळं हे ठरल्या वेळीच घ्यावं. नुसत्या साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं, त्यानं लवकर पुन्हा भूक लागते.

रोजा ठेवणाऱ्यांसाठीही हेच. आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे. तरी ठेवायचाच असेल तर सहरी चुकवू नये, आणि इफ्तारला खजूर-पाण्यानंतर थोडं थांबून, बसून, ताटात वाढून जेवावं.

चौथी पायरी: लाट येते तेव्हा

पोट भरलेलं असतानाही कधीकधी ओढ उठते. ती चढत जाते, टोकाला पोचते आणि बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत ओसरते, मात्र त्या वेळात तिला खाऊ घातलं नाही तर. अॅलन मार्लाट यांनी व्यसनमुक्तीच्या कामात लाटेवर तरंगत राहायची ही उपमा रूढ केली. ‘खायचंच नाही’ असा हुकूम स्वतःला सोडला की ओढ वाढते. त्याऐवजी ‘वीस मिनिटांनी ठरवू’ म्हणा आणि मोबाइलवर गजर लावा. वीस मिनिटांनंतर खाल्लंच, तरी ताटलीत वाढून, खाली बसून खा.

त्या वीस मिनिटांत करायच्या पाच गोष्टी आधीच लिहून ठेवा. लाट आल्यावर सुचत नाही. त्या गोष्टींत हात गुंतले पाहिजेत किंवा जागा सुटली पाहिजे: अंघोळ, गच्चीवरचे कपडे काढून घड्या घालणं, मारुतीच्या देवळापर्यंत चक्कर, बहिणीला फोन, पोरांना शेजारच्या मैदानावर नेणं. अंथरुणात पडून रील बघणं यात बसत नाही. मे महिन्यात दुपारी पारा ४२ च्या घरात असताना चक्कर मारणं होत नाही, म्हणून दुपारची यादी घरातल्या घरातली हवी.

मग पहिल्या पायरीतल्या कागदाच्या डाव्या बाजूच्या प्रत्येक ओळीला एक ‘जर-तर’ जोडा. ‘जर टेस्टचा निकाल लागला, तर पाकीट आणायच्या आधी रूममेटसोबत अर्धा तास खाली बसेन.’ ‘जर बोलणी बसली, तर मागच्या दारी ओट्यावर जाऊन धाकटीला फोन लावीन.’ ‘मी शांत राहीन’ असलं वाक्य कामाचं नाही. कधी, कुठं आणि काय, हे तिन्ही त्यात यायला हवं.

मोडलं तर

मोडणारच. पहिल्या महिन्यात तर नक्कीच. नुकसान त्या एका रात्रीनं फारसं होत नाही. ते होतं पुढच्या सकाळी, जेव्हा भरपाई म्हणून न्याहारी सोडली जाते. नियम एकच आहे: पुढचं खाणं ठरल्या वेळी, ठरलं तेवढं, कापाकापी नाही. रात्री बारापर्यंत आवरलं नसेल तरी साडेआठला धपाटं खायचं. वहीत फुली मारायची, त्याआधी काय घडलं ते एका ओळीत लिहायचं आणि वही मिटायची.

‘आता मोडलंच आहे, तर आज खाऊन घेतो, सोमवारपासून बघू’ हे वाक्य ओळखून ठेवा. मंगळवारी मोडलं तर सोमवारला सहा दिवस असतात. चार फुल्यांचा आठवडा तीन फुल्यांवर आला, तर ती प्रगती आहे, आणि ती वहीशिवाय दिसत नाही. भरवशाचा आकडा दर रविवारी पुन्हा लिहा. बहुतेकांचा तो खाणं वेळेवर आल्यावर चढतो, आधी नाही.

घरच्यांना काय सांगायचं

एकाच माणसाला सांगा, सगळ्या घराला नको. आणि काय हवं तेही सांगा: ‘ताई, माझ्या ताटाकडं बघू नकोस, काही बोलू नकोस, फक्त साडेआठला माझ्यासोबत बस.’ घरच्यांनी डबे कुलपात ठेवणं, पाव्हण्यांसमोर टोमणा मारणं, ‘एवढं खाऊन परत?’ म्हणणं, हे टाळावं. कुलपामुळं खाणं घराबाहेर जातं, एवढाच त्याचा परिणाम.

पाव्हणेर आणि पंगत ही वेगळी परीक्षा, कारण आपल्याकडं आग्रह हा मानाचा भाग आहे. ‘डाएट आहे’ म्हटलं की आग्रह दुप्पट होतो. ‘आत्याबाई, लई छान झालंय, पोट भरलंय, जाताना एक पोळी बांधून द्या’ म्हटलं तर मानही राहतो. आणि पंगतीला उपाशी जाऊ नका. वरात कधी वेळेवर येते?

डॉक्टरकडं कधी

महिनाभर वही आणि वेळा सांभाळूनही फुल्या कमी होत नसतील, शुगर-बीपी असेल, सतत उदास वाटत असेल, तर एकट्यानं झुंजू नका. या आजारावर विचार आणि सवयींवर काम करणारी बोलण्याची उपचारपद्धती आहे. ‘नाइस’च्या मार्गदर्शिकेत सुरुवातीला १६ आठवड्यांत २०-२० मिनिटांच्या ४ ते ९ भेटी सांगितल्या आहेत, त्याही वर लिहिलेल्या पायऱ्यांसारख्याच कामासाठी. औषध लागेल की नाही ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. वजन उतरवायच्या गोळ्या आणि पावडरी स्वतःच्या मनानं घेऊ नका.

संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरीचं आणि लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, या सगळीकडं मानसोपचार विभाग आहे. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली चौकशी करा. गावातून निघणं जमत नसेल तर टेली-मानस या केंद्र सरकारच्या सेवेला १४४१६ वर फोन लावा. ती १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास आणि मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर दुसऱ्या कशाची वाट न बघता आत्ताच हा नंबर लावा.

केसपेपर काढताना खिडकीवर सगळं सांगायची गरज नाही. ‘मानसोपचारची ओपीडी’ एवढंच म्हणा. आत गेल्यावर ‘वजन कमी करायचंय’ म्हणून सुरुवात करू नका, नाहीतर हातात डाएटचा कागद पडतो. ‘खायला लागलं की थांबता येत नाही, आठवड्यातून इतक्या वेळा होतं’ असं सांगा आणि वहीची शेवटच्या दोन आठवड्यांची पानं पुढं करा. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांकडं जेमतेम दहा मिनिटं असतात, आणि त्यांना विचारायचं असतं त्यातलं निम्मं त्या पानांवर असतं.